बाटलीतले बुबुळ

रात्री दुधाला विरजण लावले आणि पातेले चुकून फ्रिजमध्ये गेले, तर सकाळी दही लागलेले नसते. विरजण वाया गेले म्हणून आपण चडफडतो. पण पातेले बाहेर काढून ओट्यावर ठेवावे. संध्याकाळपर्यंत दही लागते, फार तर जरा पातळ. थंडीत विरजणातले जीवाणू मेलेले नव्हते, नुसते थबकले होते.

मरणोत्तर दान केलेले बुबुळ नेत्रपेढीच्या फ्रिजमध्ये ठेवतात तेव्हा असेच घडू शकते. दात्याच्या पापणीवरचे थोडे जीवाणू बुबुळाबरोबर बाटलीत गेले, तर तेही तिथे थबकतात. चार दिवसांनी ते बुबुळ दुसऱ्या माणसाच्या डोळ्यावर शिवले जाते. त्या डोळ्याचा पृष्ठभाग साधारण ३४ अंशांवर असतो, आतला भाग त्याहून थोडा गरम. विरजणाला याहून चांगली जागा कोणती?

पुढे जाण्यापूर्वी शब्दाचा एक घोळ मिटवतो. बोलताना आपण डोळ्यातल्या काळ्या गोलाला बुबुळ म्हणतो. नेत्ररोपणात बसवतात ते मात्र काळे नसते. घड्याळाच्या तबकडीवर काच असते तशी त्या काळ्या गोलावर पारदर्शक काच असते, ती कॉर्निया. मराठी वैद्यकीय पुस्तकांत तिला पारपटल किंवा स्वच्छमंडल म्हणतात, पण हे शब्द दवाखान्यात कोणाच्या तोंडी ऐकू येत नाहीत. तिथे डॉक्टर कॉर्निया म्हणतात आणि नातेवाईक बुबुळ. मीही तेच करणार आहे.

ही काच साडेअकरा मिलिमीटर रुंद आणि मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. तिच्यात एकही रक्तवाहिनी नाही. असती तर आपल्याला सगळे जग लाल रेघांमधून पाहावे लागले असते. रक्त नाही म्हणूनच परक्याचे बुबुळ शरीर बऱ्यापैकी सहन करते आणि मूत्रपिंड बसवताना लागते तशी रक्तगटाची जुळवाजुळव इथे सहसा लागत नाही. पण याची दुसरी बाजू अशी, की रक्त नाही म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशीही पटकन पोहोचत नाहीत, आणि पोटात घेतलेले औषधही पुरेसे पोहोचत नाही. बुबुळात जंतू शिरला तर त्याला सुरुवातीला रान मोकळे मिळते.

काचेच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच पातळ थर असतो. बुबुळात मुरणारे पाणी सतत बाहेर उपसणे हे त्याचे काम. उपसा थांबला की काच सुजते आणि धूसर होते. माणसाच्या या पेशी मेल्या की त्यांच्या जागी नव्या तयार होत नाहीत. तरुण डोळ्यात चौरस मिलिमीटरला तीन हजारांच्या आसपास पेशी असतात. पूर्ण जाडीच्या रोपणासाठी दोन हजारांहून कमी पेशींचे बुबुळ नेत्रपेढ्या सहसा देत नाहीत. मृत्यूनंतर उन्हाळ्यातल्या घरात या पेशी भराभर जातात. त्या टिकवायच्या म्हणून थंडी. म्हणजे ज्या थंडीने पेशी वाचतात, त्याच थंडीने जीवाणूही वाचतात.

अशी बुबुळे लागतात कोणाला, हे पाहायला आता नगरकडे वळू. सरकारदरबारी २०२४ पासून अहिल्यानगर झाले, तोंडात अजून नगरच येते. सतरा हजार चौरस किलोमीटरचा, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा जिल्हा. चौदा तालुके. उत्तरेला प्रवरा-गोदावरीच्या पाण्यावरचा ऊस, दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, कर्जतची कोरडवाहू ज्वारी-बाजरी आणि ऊसतोडीला बाहेर पडणारी माणसे. बुबुळ जायला लागणारी सगळी सामग्री इथल्या शेतात आहे. उसाच्या पानाची कड डोळ्याला कापते. मळणीत कुसळ उडते. पदराच्या टोकाने ते काढायचा प्रयत्न होतो, मग कोणी मध घालते, कोणी दुकानातून थेंब आणते. त्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर दोन दिवस बरे वाटते आणि आत बुरशी फोफावते. पंधरा दिवसांनी डोळ्यात फूल पडलेले असते. फूल हा शब्द किती गोड आहे, आणि त्याचा अर्थ एवढाच की काचेवर पांढरा वण पडला आणि पलीकडचे जग गेले.

लहान मुलांचे वेगळेच. तंबाखूच्या चुन्याची प्लास्टिकची पुडी पोर खेळायला घेते, दाबते, ती फुटते. भिजवलेला चुना डोळ्यात गेला की बुबुळ भाजते, आणि बापाला पाण्याच्या नळाऐवजी दवाखाना आठवतो. खरे तर आधी अर्धा तास पाणीच मारायला हवे. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय अंधत्व पाहणीत पन्नाशीच्या आतल्या अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण बुबुळावरचा पांढरेपणा हेच आढळले, ३७.५ टक्के. पन्नाशीच्या पुढे मोतीबिंदू, अलीकडे बुबुळ. म्हणजे जाते ते कमावत्या माणसाचे आणि शाळकरी पोराचे.

चुन्यावरून आठवले. जगातले पूर्ण जाडीच्या बुबुळाचे पहिले यशस्वी रोपण चुन्याने भाजलेल्या डोळ्यावरच झाले. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स गावी, ७ डिसेंबर १९०५ रोजी, एडुआर्ड झिर्म या डॉक्टरांनी ते केले. रुग्ण अलोइस ग्लोगार हा मजूर होता आणि चुना उडून त्याचे दोन्ही डोळे गेले होते. दाता जिवंत होता, अकरा वर्षांचा मुलगा. लोखंडाचा तुकडा घुसून त्याचा डोळा निकामी झाला होता आणि तो काढावाच लागणार होता. ग्लोगारच्या एका डोळ्यातले बुबुळ स्वच्छ राहिले. झिर्म यांच्याकडे प्रतिजैविके नव्हतीच, ती यायला अजून कित्येक वर्षे होती. पण त्यांच्याकडे आपल्याला न परवडणारी एक गोष्ट होती. बुबुळ काढणे आणि बसवणे यांत फार वेळ गेला नाही. साठवण नव्हती, त्यामुळे साठवणीतले जंतूही नव्हते.

साठवण आली ती मृत दात्याबरोबर. १९३० च्या दशकात ओडेसाच्या व्लादिमिर फिलातोव यांनी मृताचे बुबुळ थंडीत ठेवून वापरता येते हे दाखवले. १९४४ मध्ये न्यूयॉर्कला पहिली नेत्रपेढी निघाली, तर मद्रासला डॉ. मुथय्या यांनी १९४५ मध्ये भारतातली पहिली काढली. त्या काळात अख्खा डोळा काढून काचेच्या बरणीत ओल्या कापसावर ठेवायचे, बरणी बर्फात, आणि चोवीस तासांच्या आत ऑपरेशन. बर्फाचे पाणी बरणीत झिरपले तर डोळा गेला. पेढीची माणसे बरणीचे झाकण डोळ्यापेक्षा जास्त जपत.

१९७४ मध्ये मॅककॅरी आणि कॉफमन यांनी एक द्रव तयार केला. त्यात पेशींना लागणारे क्षार आणि पोषक द्रव्ये, बुबुळ फुगू नये म्हणून डेक्स्ट्रान, आणि जोडीला प्रतिजैविक, आता बहुधा जेंटामायसिन. त्यांच्या नावांवरून त्याला एमके मीडियम म्हणतात. त्यात बुबुळ दोन ते आठ अंशांवर चार दिवस राहते. पुढे ऑप्टिसॉल आले, त्यात चौदा दिवस. मदुराईच्या ऑरोलॅबने त्याच जातीचे कॉर्निसॉल देशात बनवले. चोवीस तासांचे आधी चार दिवस आणि मग चौदा झाले याचा अर्थ शहरातल्या माणसाला सांगून कळणार नाही. जामखेडहून नगर सुमारे ७५ किलोमीटर, नगरहून पुणे १२० च्या आसपास. चोवीस तासांत बुबुळ पोचवायचे, तपासायचे, रुग्णाला गावाहून बोलवायचे, त्याच्या सोबतीला येणाऱ्याची रजा आणि गाडीभाड्याची सोय, भूलतज्ज्ञाची वेळ. चार दिवस मिळाले की हे जमते.

कोणत्याही नेत्रपेढीत गेलात तर ती बाटली दाखवायला सांगा. मुठीत मावेल एवढी. आत गुलाबी पाणी, आणि पाण्यात पारदर्शक टोपीसारखे बुबुळ, भोवती पांढऱ्या भागाची दोन-तीन मिलिमीटरची कड. ती कड पुढे महत्त्वाची आहे, लक्षात ठेवा. गुलाबी रंग औषधाचा नसतो. द्रवात फिनॉल रेड नावाचे रंगद्रव्य घातलेले असते. जीवाणू वाढायला लागले की बहुधा आम्ल तयार होते, आणि आम्लात हा रंग पिवळा पडतो. पिवळी किंवा गढूळ बाटली सरळ बाजूला काढतात.

ही युक्ती मोठी सुबक वाटते. पण विरजणाचे पातेले आठवा. फ्रिजमध्ये दूध आंबट होत नाही. चार अंशांवर जीवाणू वाढतच नाहीत किंवा अगदी सावकाश वाढतात, त्यामुळे आम्लही होत नाही आणि पाणी गुलाबीच राहते. पिवळी बाटली वाईट, हे खरे. गुलाबी बाटली चांगली असेलच, असे मात्र नाही.

मग त्यातले प्रतिजैविक काय करते? नवख्याला सगळ्यांत जास्त आश्चर्य याच गोष्टीचे वाटते. जेंटामायसिन जीवाणूला बाहेरून जाळत नाही. जीवाणूने ते स्वतः आत ओढून घ्यावे लागते आणि त्यासाठी त्याला ऊर्जा खर्च करावी लागते. आत गेल्यावर ते प्रथिने बनवण्याच्या यंत्रणेत खोडा घालते. थंडीत गारठलेला जीवाणू काही ओढतही नाही आणि काही बनवतही नाही. झोपलेल्या पोराच्या तोंडात औषधाचा चमचा धरून बसल्यासारखे ते होते. म्हणून बऱ्याच ठिकाणी ऑपरेशनपूर्वी बाटली तासभर किंवा त्याहून जास्त वेळ बाहेर, खोलीच्या तापमानाला काढून ठेवतात. जीवाणू जागा होतो, खायला तोंड उघडतो आणि औषध पोटात जाते. एवढ्या साध्या गोष्टीने जीवाणूंची संख्या बरीच खाली येते.

सगळ्यांची मात्र नाही. स्ट्रेप्टोकॉकस आणि एंटेरोकॉकस या जातींच्या जीवाणूंत जेंटामायसिन मुळातच नीट शिरत नाही. आणि बुरशीला तर प्रतिजैविकाचे काही घेणेदेणेच नसते. नेहमीच्या द्रवांत बुरशीविरोधी औषध नसते. कॅंडिडा ही बुरशी बाटलीत असेल, तर बाहेर काढून ठेवलेल्या तासा-दोन तासांत तिची चंगळ होते. जीवाणू मारण्यासाठी दिलेली ऊब बुरशीला मानवते. अॅम्फोटेरिसिन घालून पाहण्याचे प्रयोग झाले आहेत, पण ते औषध जास्त झाले तर ज्या पेशींसाठी एवढा खटाटोप, त्याच मरतात. या पेचावर अजून सर्वमान्य तोड निघालेली नाही.

युरोपातल्या बऱ्याच पेढ्यांनी वेगळी वाट धरली. ते बुबुळ थंडीत ठेवतच नाहीत. ३१ ते ३७ अंशांवर, शरीराच्या उबेत, महिनाभर ठेवतात. चोर असेल तर तो पहिल्या काही दिवसांतच दार वाजवतो, द्रव गढूळतो आणि ते बुबुळ बाद होते. उरतात ती पारखलेली. ही पद्धत मला मनापासून पटते. तरीही तालुक्याच्या गावाहून डोळे आणणाऱ्या पेढीला ती सुचवण्याचे धाडस माझ्याने होणार नाही. तिला चोवीस तास न हलणारे तापमान लागते, शेजारी सूक्ष्मजीवशास्त्राची जागती प्रयोगशाळा लागते आणि शिकलेली माणसे लागतात. ती जिथे आहेत तिथे जरूर करावी. बाकी ठिकाणी फ्रिजच बरा, पण मग जंतू फ्रिजमध्ये जाण्याआधी काढून टाकण्यावर सगळा जोर द्यायला हवा. जंतू काढून टाकायची ही जागा प्रयोगशाळेत नसते. ती मयताच्या घरात असते.

समजा, पाथर्डीकडच्या एका वाडीत पहाटे एक आजोबा गेले. वय ऐंशीच्या पुढे, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, साखर होती. यातल्या कशानेही नेत्रदान अडत नाही. मुलाने नेत्रपेढीला फोन केला. फोनवरच्या माणसाने चार गोष्टी सांगितल्या. डोळे मिटवा, पापणीवर स्वच्छ पाण्यात भिजवलेला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या, पंखा बंद करा. पंख्याच्या वाऱ्याने बुबुळ कोरडे पडते. वरचा थर सुकून फाटला की जंतूंना आत शिरायची वाट मिळते. उशीने डोके वर राहते, डोळ्यांत रक्त उतरत नाही, सूज येत नाही.

घरात माणसे जमलेली. मुंबई-कल्याणहून येणारे अजून वाटेत. कोणीतरी विचारते, माती कधी? दुपारी एकला, बाहेरगावचे आले की. तंत्रज्ञ पोचतो तेव्हा मृत्यूला साडेचार तास झालेले असतात. सहा तासांच्या आत डोळे काढायचे, हा संकेत. तो हलक्या आवाजात म्हणतो, ‘‘दादा, पंधरा-वीस मिनिटं ही खोली मोकळी करून द्याल का? आजींना बाहेर बसवा.’’ मुलगा आजीच्या दंडाला धरून तिला ओसरीवर नेतो.

मग चालते ते काम सबंध साखळीतले सर्वांत निर्णायक आहे असे माझे मत आहे. तो आधी हात धुतो, हातमोजे घालतो, पापण्या आणि भोवतीची कातडी पुसून घेतो. मग डोळ्यात पोव्हिडोन आयोडीनचे पाच टक्क्यांचे द्रावण सोडतो आणि थांबतो. तीन ते पाच मिनिटे. आयोडीन लागताक्षणी जंतू मरत नाहीत, त्याला वेळ द्यावा लागतो. पापणीच्या कडेला वाळलेली घाण किंवा रक्त असेल तर आयोडीन त्यातच खर्ची पडते, म्हणून आधीची पुसाई. मग खाऱ्या पाण्याने धुवायचे, कारण बुबुळाच्या पेशींना आयोडीनही सोसत नाही. ही पाच मिनिटे घड्याळात पाहून मोजायची असतात. बाहेर रडणे चालू असते, कोणीतरी दाराला टेकून ‘‘अजून किती वेळ?’’ विचारते, पुढच्या घरचा फोन वाजतो. पाचाची दोन मिनिटे करायला त्या खोलीत माणसाला किती कारणे असतात, याचा विचार करा.

निर्जंतुक कापड पसरून, बुबुळ कडेसकट कापून ते बाटलीत जाते. नाहीतर अख्खा डोळा काढून बरणीत. खोबणीत कापूस किंवा प्लास्टिकची टोपी बसवून पापण्या मिटवल्या की चेहरा पहिल्यासारखा दिसतो. सोबत दहा मिलिलिटर रक्त घेतात. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गरमी, या तपासण्यांसाठी. सगळे बर्फाच्या पेटीत. मातीला एक वाजायला अजून अवकाश असतो.

हे काम डॉक्टरनेच करायचे, असा नियम पूर्वी होता. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा, आणि तो सुरुवातीला लागू झाला तो महाराष्ट्र, गोवा, हिमाचल प्रदेश आणि केंद्रशासित प्रदेशांना. २०११ च्या दुरुस्तीने प्रशिक्षित तंत्रज्ञालाही डोळे काढण्याची मुभा मिळाली. तेव्हा काही जणांनी नाके मुरडली. नगर जिल्ह्याने मुरडायचे कारण नाही. याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, पुष्कळदा निरक्षर असलेल्या बायांना आरोग्याची कामे शिकवली, आणि त्या बायांनी ती चोख केली. १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो या कामाला. हात धुवायला आणि पाच मिनिटे मोजायला पदवी लागत नाही, शिस्त लागते. तीच पाच मिनिटे रोज मोजणारा तंत्रज्ञ कधीतरी घाईत येणाऱ्या डॉक्टरपेक्षा बरा, असे मी बेधडक म्हणेन.

घरचे डोळे बरे की रुग्णालयातले? याचे उत्तर सोपे नाही. अलीकडे रुग्णालयात गेलेल्यांच्या नातेवाइकांना विचारून तिथेच डोळे घेण्यावर भर आहे. त्यात दाते तरुण मिळतात, मृत्यूचे कारण कागदावर असते, वेळ कमी जातो. घरी गेलेल्या म्हाताऱ्याच्या पापणीवर बहुधा त्वचेवरचा साधा स्टॅफिलोकॉकस असतो, साध्या औषधाला बधणारा. अतिदक्षता विभागात वीस दिवस व्हेंटिलेटरवर राहिलेल्याच्या डोळ्यात मात्र स्युडोमोनास, क्लेबसिएला, अॅसिनेटोबॅक्टर असे मुरलेले गडी असू शकतात. त्यांनी जेंटामायसिन कितीदा पाहून पचवलेले असते. शिवाय बेशुद्ध माणसाच्या पापण्या पूर्ण मिटत नाहीत, बुबुळ कोरडे पडते, जंतू तिथे घर करतात. रक्तात जंतुसंसर्ग पसरून गेलेल्याचे डोळे म्हणूनच सहसा घेत नाहीत किंवा रोपणासाठी वापरत नाहीत.

काही आजारांपुढे आयोडीन आणि जेंटामायसिन दोन्ही हात टेकतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत बुबुळातून क्रॉइट्सफेल्ट-याकोब हा मेंदू पोखरणारा आजार गेल्याची नोंद आहे, आणि रेबीजचीही. भारतात एकाच दात्याची दोन बुबुळे दोघांना बसवली आणि दोघेही रेबीजने गेले. ‘लॅन्सेट’मध्ये १९८८ साली ही हकीकत छापून आली. असे प्रकार जगभरात बोटांवर मोजण्याइतके आहेत. पण रेबीज द्रवात वाढत नाही, पाणी पिवळे करत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. तो सापडायचा तर घरच्या माणसाने सांगितले तरच.

आता बाटली शस्त्रक्रियागृहात आली. डॉक्टर गोल पात्याने मधली साडेसात-आठ मिलिमीटरची चकती कापतात आणि तेवढीच रुग्णाच्या डोळ्यावर शिवतात. सोळा टाके, केसापेक्षा बारीक नायलॉनचे. राहिलेली कड, मघाशी लक्षात ठेवा म्हटलेली, फेकत नाहीत. ती प्रयोगशाळेत जाते. रक्त घातलेल्या आगरच्या तबकडीवर एक तुकडा, बुरशीसाठीच्या माध्यमात दुसरा, आणि मग उबेत ठेवून वाट पाहणे. जीवाणू असतील तर एक-दोन दिवसांत ठिपके उमटतात. बुरशीला त्याहून जास्त दिवस लागतात.

म्हणजे अहवाल येतो तेव्हा बुबुळ शिवून झालेले असते. पहिल्यांदा वाचताना मला ही पद्धत उलटी वाटली होती. पण बुबुळ तपासून, तीन दिवस थांबून मग वापरायचे म्हटले तर त्या तीन दिवसांत आणखी काही पेशी जातात, आणि थंडीतला नमुना खोटा निर्दोषही ठरू शकतो. म्हणून आधी शिवायचे, नंतर कळवायचे. कडेवर जंतू सापडणे तसे दुर्मीळ नाही. पण त्यातल्या बहुसंख्य रुग्णांना काहीही होत नाही. रुग्णाला थेंब चालू असतात, आणि थोडे जीवाणू शरीर निस्तरते. डोळ्याच्या आत पू होणे, म्हणजे खरा अनर्थ, हजार रोपणांत सहसा पाचांहूनही कमी वेळा घडतो. घडला की मात्र तास मोजावे लागतात. नवे बुबुळच नव्हे, उरलासुरला डोळाही जातो.

अहवालाचा दुसरा उपयोग कमी सांगितला जातो. एका दात्याचे डोळे दोन, बुबुळे दोन, आणि ती बहुधा दोन वेगळ्या रुग्णांना जातात, पुष्कळदा दोन वेगळ्या रुग्णालयांत. पहिल्या कडेवर स्युडोमोनास आला तर पेढीने त्याच दिवशी दुसऱ्या डॉक्टरांना फोन करायचा असतो. ते बुबुळ अजून फ्रिजमध्ये असेल तर बाद होते. शिवले गेले असेल तर रुग्णाला परत बोलावून औषध बदलतात. पत्र पाठवून भागत नाही, फोनच लागतो. आणि रुग्णाने दिलेला मोबाइल नंबर चालू असावा लागतो, जो ऊसतोडीला गेलेल्या माणसाचा पुष्कळदा नसतो.

पुन्हा नगरकडे येऊ. नगरजवळ नागरदेवळ्याला जालिंदर बोरुडे यांचे फिनिक्स सोशल फाउंडेशन वर्षानुवर्षे मोफत नेत्रशिबिरे घेते आणि नेत्रदानाचा प्रचार करते. शिबिरातले रुग्ण पुण्याच्या बुधराणी रुग्णालयात शस्त्रक्रियेला जातात. लोणीला आणि विळद घाटात वैद्यकीय महाविद्यालये आहेत. दहा जूनला, नेत्रतज्ज्ञ डॉ. भालचंद्र यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ, राज्यभर दृष्टिदान दिन होतो. २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर पंधरवडा होतो. फेऱ्या निघतात, अर्ज भरले जातात. डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा होतो, ही समजूतही आता पूर्वीइतकी ऐकू येत नाही. पण या सगळ्या प्रचारात ‘डोळे द्या’ एवढेच सांगितले जाते. कसे द्या, हे राहून जाते.

ज्यांना बुबुळ बसले आहे त्यांच्यासाठी आधी एक. डोळा लाल झाला, उजेड सोसेनासा झाला, दुखायला लागला किंवा कालच्यापेक्षा आज कमी दिसले, तर सोमवारच्या ओपीडीची वाट पाहू नका. त्याच दिवशी, मिळेल त्या गाडीने निघा.

आणि ज्यांच्या घरी ती पहाट येईल त्यांच्यासाठी. पंखा बंद, उशी, ओला कापूस हे तर कराच. पण तंत्रज्ञ येईपर्यंत घरातल्या एका शांत माणसाने कपाटातली दवाखान्याची पिशवी काढून ठेवावी. किती दिवस ॲडमिट होते, व्हेंटिलेटर होता का, शेवटी ताप होता का, कोणती इंजेक्शने चालू होती, सगळे त्या कागदांत असते. वर्षा-दोन वर्षांत कुत्रे चावले होते का, हेही आठवून सांगा. दान नाकारतील या भीतीने काही लपवू नका. ते बुबुळ रोपणाला चालले नाही तरी शिकवायला आणि संशोधनाला घेतात.